व्याह्यांनी दिलेला वस्तरा

प्रमाणित करण्यात येते की, खाली वर्णन केलेला इसम बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या गाळ्यात, दाढी व केशकर्तनाचा व्यवसाय करतो. उंची मध्यम. बांधा सडपातळ, उजव्या खांद्याकडे किंचित कललेला. वर्ण, आयुष्याचा बराच भाग ट्यूबलाइटखाली गेल्यामुळे, निश्चित सांगता येत नाही. ओळखीची खूण: उजव्या करंगळीच्या आतल्या बाजूस, वस्तऱ्याची शेपटी टेकते तिथे, घट्टा. सदर इसम सर्वत्र 'मामा' या नावाने ओळखला जातो. वास्तविक तो एकाच माणसाचा मामा असून तो माणूस त्याच गाळ्यात शेजारच्या खुर्चीवर काम करतो. सदर इसमाचा हात पिसासारखा हलका असल्याचे गिऱ्हाइकांनी वेळोवेळी तोंडी कळवले आहे. सदर इसम उघड्या वस्तऱ्याखेरीज अन्य हत्याराने दाढी करीत नाही, शेजारच्या खुर्चीवर चालणाऱ्या अर्ध्या ब्लेडच्या प्रकारास दाढी मानीत नाही, व स्वतःची दाढी अन्य कोणाकडून करून घेत नाही.

हा दाखला कोणी मागितलेला नव्हता. पण गल्लीत मामांविषयी कोणालाही विचारलं असतं तरी त्याने साधारण हेच सांगितलं असतं, आणि मामांनाही त्यातलं काही खोडावंसं वाटलं नसतं. एक वाक्य सोडून. ते पिसाचं.

मामा थकले होते. हे वाक्य इथे लिहायला जितकं सोपं गेलं तितकं ते दुकानात बोलायला सोपं नव्हतं, आणि गोष्ट म्हणाल तर एवढीच आहे. सकाळी शटर वर ढकलताना खांदा कुरकुरायचा. दुपारनंतर पाय खुर्चीभोवती फिरायचे ते सवयीने, मामांना न विचारता. याचंही काही नव्हतं. पाय कोणाचेही दुखतात. पण गेले काही महिने उजवा हात मधूनच, कोणी मागून हाक मारल्यासारखा, दचकायला लागला होता. कात्री हातात असली तर खपून जायचं. वस्तरा असला की मामा तो गालापासून अलगद उचलायचे, धारेच्या चामडी पट्ट्यावर उगाच दोन हात मारायचे आणि गिऱ्हाइकाला घरच्यांची खुशाली विचारायचे. खुशाली सांगून होईपर्यंत हात ताळ्यावर यायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, मामा हल्ली फार आपुलकीने बोलतात.

भाच्याला सांगायचं वाक्य त्यांनी केव्हाचं तयार ठेवलं होतं. 'आता तू सांभाळ, मी बसतो.' एवढंच. भाचा चाळिशीचा होता, संसाराचा होता, हाताने चांगला होता. तो धातूच्या पकडीत अर्धं ब्लेड सरकवून दाढी करायचा आणि दर गिऱ्हाइकामागे ते टाकून द्यायचा. ही गोष्ट सोडली तर त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण वाक्याची सुरुवात केली की ते कोणी पुरं होऊ देत नसे.

"अरे, माझं आता..." मामा म्हणायचे.

"उजेड कमी पडतो तुम्हाला," भाचा म्हणायचा. मग मोठी ट्यूब आली.

"खरं सांगायचं तर मला..." मामा लेकीला फोनवर म्हणाले.

"बाबा, उभं राहून राहून कंबर गेली असेल. मी बघते." मग चाकांचं उंच स्टूल आलं. त्यावर बसून दाढी करायला गेलं की गिऱ्हाईक एकीकडे आणि मामा दुसरीकडे जात. ते कोपऱ्यात गेलं आणि त्यावर धुतलेले टॉवेल आले. त्यानंतर चष्म्याचा नंबर बदलला. मग खुर्चीचं गादीचं कापड. दुकानात मामा सोडून सगळं नवं होत चाललं होतं. हाताविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. काढलाच तर पिसाची उपमा काढत.

घरीही तसंच. फक्त मामी हल्ली चहा अर्धाच कप द्यायची. मामांना वाटायचं, दूध कमी येत असेल. विचारलं नाही. विचारायचाही कंटाळा यायचा.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. आग लागली, पूर आला, गोदाम कोसळलं की जाऊन नुकसान कशाने झालं याचा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही सवय गेली नव्हती. फुटलेली कपबशी दिसली तरी ते आधी खाली वाकून फरशीचा उतार बघत. आठवड्यातून दोनदा ते दाढीला मामांकडे येत, नातं जुळायच्या आधीपासून. किंबहुना नातं जुळलं ते याच खुर्चीवर, तोंडाला साबण असताना, त्यामुळे व्याह्यांना बोलणी फारशी ताणता आली नाहीत.

त्या सकाळी मामा त्यांच्या हनुवटीवर होते. खालच्या ओठाखालचा खळगा हा चेहऱ्याचा सगळ्यात अडचणीचा भाग. तिथे वस्तऱ्याचं फक्त टोक चालतं. नेमका तिथे हात दचकला. पांढऱ्या साबणावर लाल रंग दिसावा त्यापेक्षा जास्त दिसतो. शेजारच्या खुर्चीवरची कात्री थांबली.

"विशेष नाही," व्याही आरशात बघत म्हणाले.

"थांबा, तुरटी लावतो. झोंबेल."

"झोंबू द्या." व्याह्यांनी आरशातूनच मामांच्या हाताकडे बघितलं, मग हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं आणि नजर वस्तऱ्यावरच ठेवली. "हा कधीचा वस्तरा?"

"माझ्या लग्नाआधीचा."

"मग बरोबर. झीज."

"पोलादच थकतं हो काका," भाचा घाईने म्हणाला. "मी सांगतच होतो."

त्याने हे कधीही सांगितलेलं नव्हतं.

"व्याहीबुवा, वस्तऱ्याचं नाही हे..." मामांनी तुरटी दाबून धरत सुरुवात केली. वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

"वस्तऱ्याचंच," व्याही म्हणाले. अहवालाच्या शेवटी सही करून फाइल बंद करावी तशा आवाजात म्हणाले. मामांचं तोंड मिटलं. खरं सांगायचं तर मिटताना त्यांना बरंही वाटलं. दोष एका निर्जीव वस्तूवर गेला होता, आणि ती वस्तू तक्रार करणाऱ्यातली नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी व्याही एक लांबट लाकडी डबा घेऊन आले. आत निळं मखमल, मखमलीत वस्तरा. पात्यावर धारेपासून पाठीपर्यंत काळ्याकरड्या लाटाच लाटा होत्या, ओढ्याच्या तळाशी वाळूवर उमटतात तशा.

"दमास्कसचं पोलाद," व्याही म्हणाले आणि प्रतिक्रियेसाठी थांबले.

"छान आहे," मामा म्हणाले.

"छान? अहो, याच्या तलवारी असायच्या. रेशमी रुमाल वरून सोडला तर पात्यावर पडून दोन तुकडे व्हायचे. लोहार बापाने मुलालासुद्धा कृती सांगितली नाही, म्हणून विद्या बुडाली."

या विषयावर व्याह्यांनी बरंच वाचलं होतं, आणि जे वाचलं नव्हतं तेही त्यांना माहीत होतं. विद्या बुडाली तर हा वस्तरा कुठून आला, असं भाच्याने विचारलं. तेव्हा त्यांनी डब्यातला माहितीचा कागद वाचून दाखवला. हल्ली दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून एकत्र ठोकतात, दुमडतात, पुन्हा ठोकतात, आणि शेवटी पातं आम्लात बुडवतात. मग थर वेगवेगळे दिसू लागतात.

"म्हणजे नक्षी आम्लानं येते," मामा म्हणाले.

"आम्लानं दिसते. असते आधीपासून."

मामांनी वस्तरा हातात घेतला. पाठीला जाड होता, जुन्यापेक्षा चांगलाच जड. थकलेल्या हाताला आराम म्हणून आणलेली वस्तू जड निघावी यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. स्टुलाच्या वेळीही असंच झालं होतं. त्यांना म्हणायचं होतं, 'व्याहीबुवा, हे राहू दे, मी आता बसतो.' ते म्हणाले, "कशाला एवढं करायचं."

"नको म्हणू नका," व्याही म्हणाले, आणि क्षणभर मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. मामा नको म्हणाले नाहीत.

डब्यातून निघाला तेव्हा त्या वस्तऱ्याने लोणीही जपूनच कापलं असतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर मामा धारेचा दगड घेऊन बसले. दगडावर धार लावताना दोन्ही कोपरं फळीवर टेकवता येतात, म्हणून या कामात हात दगा देत नसे, आणि म्हणूनच हल्ली सगळ्या कामांत त्यांना हे काम आवडत असे. पाण्याचे दोन थेंब, पातं सपाट, पुढे नेताना धार पुढे, मागे आणताना पातं उलटून पुन्हा धारच पुढे. मग चामड्याचा पट्टा. संध्याकाळी त्यांनी पातं ट्यूबखाली धरलं. लाटा पाठीवर होत्या, पोटावर होत्या, आणि धारेशी येऊन संपत होत्या. धार म्हणजे केसाएवढी पांढरी रेघ. जुन्या वस्तऱ्याचीही तशीच होती. मनगटावरचा एक केस त्यांनी नव्याने उडवला, एक जुन्याने. दोन्ही उडाले. उडताना दोघांनीही काही वेगळं केलं नाही.

पण व्याह्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी रीतसर चाचणी ठरवली. डावा गाल जुन्या वस्तऱ्याने, उजवा दमास्कसने. हनुवटी तटस्थ म्हणून भाच्याच्या अर्ध्या ब्लेडला दिली, निदान व्याह्यांनी कारण तसं सांगितलं. मामांनी दोन्ही गाल जपून केले. मधल्या वेळात त्यांनी व्याह्यांना लेकीची, जावयाची, नातीची आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचीही खुशाली विचारली. व्याही उठले, गाल कुरवाळले आणि म्हणाले, "जमीनअस्मानाचा फरक."

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, सकाळपासून घरात सगळ्यांनी त्यांचे गाल चाचपून झाले. आधी डावा, मग उजवा. पोस्टमनने चाचपला. शेजारच्या वकीलबाईंनी तेवढा नकार दिला."

"मग काय ठरलं?"

"उजवाच. एकमताने. फार खुश आहेत हो ते. म्हणतात, आता व्याहीबुवांना दहा वर्षं काळजी नाही."

मामांनी फोन खाली ठेवला आणि दहा वर्षं या शब्दांकडे बघत बसले.

उजवा गाल कोणाचाही चांगलाच होतो. खुर्चीच्या उजवीकडे उभं राहिलं की त्या गालावर हात सरळ पडतो. डाव्यासाठी वाकून, मनगट वळवून पलीकडे जावं लागतं. मामांनी उभ्या आयुष्यात जितके उजवे गाल केले ते सगळे डाव्यांपेक्षा उजवेच झाले होते, आणि आजवर कोणी दोन्हींची तुलना केली नव्हती. हे त्यांनी व्याह्यांना सांगितलं असतं. पण सांगायचं तर मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

व्याही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. दमास्कसची बातमी पसरली. कधी न येणारी माणसं यायला लागली. नक्षी बघायची, पातं उलटंसुलटं करायचं, आणि मग 'आता आलोच आहे तर' म्हणून खुर्चीत बसायचं. मामांच्या खुर्चीपुढे बाकावर रांग, भाच्याची खुर्ची मोकळी.

"मामा, माझ्या ब्लेडवर बॉलपेननं दोन लाटा काढून देता का?" भाचा म्हणाला. "निदान घरभाडं निघेल."

"घे की यातली दोन माणसं."

"येत नाहीत हो. त्यांना पीस पाहिजे, आणि तेही दमास्कसचं."

मामा हसले. हसताना हात दचकला, म्हणून त्यांनी बाकावरच्या पहिल्या माणसाला घरच्यांची खुशाली विचारली.

एवढे हात लागायला लागले तेव्हा मामांना वाटलं, एखाद्या दिवशी वस्तरा कोणाच्या तरी खिशातून जायचा. म्हणून सुट्टीच्या आदल्या रात्री त्यांनी तो घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, भांडी घासायच्या पावडरच्या डब्यामागे ठेवला. तिथे कोणी हात लावणार नाही असं त्यांना वाटलं. त्या डब्याला रोज हात लावणारं माणूस घरात एकच होतं, आणि तेवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मामी तशी दुकानाच्या कामात कधी पडली नाही, पण सुट्टीच्या दिवशी दुकानाचा सगळा धातू तिच्याकडे यायचा. कात्र्या, वाट्या, पाण्याचा फवारा. ती तो घासून, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवायची. मामा दुपारची झोप काढून उठले तेव्हा ओळीच्या टोकाला वस्तरा होता. पातं आरशासारखं लखलखीत. त्यात मामांना स्वतःचा डोळा दिसला.

"हे काय केलंस?"

"काय म्हणजे? दिसत नाही का? लख्ख केला."

"याच्यावर नक्षी होती."

"नक्षी?" मामीने हात पदराला पुसले. "ते डाग होते."

"डाग नव्हते ते."

"आधी लिंबू लावलं. तर मेले आणखीच काळे पडले. तेव्हाच म्हटलं, हा मुरलेला गंज. व्याह्यांच्या गळ्यात कोणीतरी जुना माल मारलाय, आणि तुम्ही भिडेखातर बोलत नाही. मग सुतार विसरून गेला होता तो बारीक पॉलिश पेपर काढला. दुपारभर घासतेय. बोटं बघा माझी."

"आणि धार?"

"धारेला हात लावला नाही. इतक्या वर्षांत तेवढं कळलंय."

मामांना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ त्याची वाट पाहिली. तो काही आला नाही. त्याऐवजी, गच्च भरलेल्या गाडीत कोणीतरी उठून जागा द्यावी, तसं काहीतरी वाटलं. ते तिथेच पाटावर बसले.

"उद्या व्याही येतील. त्यांना काय सांगू?"

"सांगा, बायकोनं घासला. खोटं कशाला बोलायचं?"

"मी कुठे खोटं बोलतो? मी गप्प बसतो."

"तेच ते," मामी म्हणाली आणि चहा पुढे ठेवला. अर्धा कप.

आज विचारायचाच दिवस होता बहुतेक. "दूध कमी घेतेस का हल्ली?"

"दूध आहे."

"मग हा रोज अर्धा?"

मामीने वाट्या एकात एक घालायला घेतल्या. "पूर्ण भरला की तुमच्या हातून बशीत सांडतो. मग मी बघू नये म्हणून तुम्ही पंच्यानं बशी पुसत बसता. म्हटलं, अर्धा दिला की सांडायचं नाही आणि पुसायचंही नाही."

मामांनी कपाकडे बघितलं. बरेच कप त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, सगळे अर्धे.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?" वाट्या फळीवर गेल्या. "आणि तुम्ही दुकानात बोलला असता तर त्यांनी तुम्हाला आणखी एक खुर्ची घेऊन दिली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने डबा उघडून बघितला आणि लगेच मिटला. त्याच्या खुर्चीवर एक गिऱ्हाईक होतं, म्हणून तो कुजबुजला.

"मामा, हे कसं झालं?"

"मामीनं घासलं."

"आता काका येतील. असं करू. ते बसले की आधी साबण लावा, डोळ्यांपर्यंत. साबण लागला की डोळे मिटतात ते."

"नको."

"मग जुना वापरा, नवा पाठवलाय म्हणू धारेला."

"गल्लीतलं धारेचं काम तर माझ्याकडेच येतं. मी कोणाकडे पाठवला म्हणू?"

तेवढ्यात व्याही आलेच. कोट खुंटीला लावला, खुर्चीत बसले, टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि दर वेळेसारखा हात पुढे केला. नक्षी बघितल्याशिवाय ते हल्ली मान मागे टेकत नसत. मामांनी वस्तरा उघडून त्यांच्या हातात दिला.

व्याह्यांनी पातं बघितलं. चष्मा लावला. पुन्हा बघितलं.

"हा कुठला?"

"तोच. घरी घासला गेला. तिला ते डाग वाटले."

"डाग," व्याही म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "डाग." मग चष्म्यावरून आरशात बघत म्हणाले, "मी यावर एवढं वाचलं. डाग हा शब्द कुठेच आला नव्हता."

मामा त्यांच्या उजवीकडे उभे होते, नेहमीच्या जागी. मोठं वाक्य त्यांनी महिनोन्महिने तयार ठेवलं होतं. त्यात इतक्या वर्षांचा उल्लेख होता, भाच्याविषयी दोन शब्द होते, शेवट जरा बरा होता. प्रत्यक्षात निघालं ते वेगळंच.

"व्याहीबुवा, त्या दिवशी वस्तऱ्याचं काही नव्हतं. तोही चांगला आहे, हाही चांगला आहे. माझा हात गेलाय."

"काहीतरीच काय, मामा," भाचा म्हणाला. "तुमचा हात म्हणजे..."

"तू केस काप."

भाच्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, श्वास धरून बसलं होतं.

व्याह्यांनी चष्मा काढून त्याची घडी घातली. "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"नोकरी काय केली मी जन्मभर? जळलेलं गोदाम बघितलं की कळायचं कशानं पेटलं. पण कळणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. मालक समोर उभा असतो, दोन दिवस जेवलेला नसतो. त्याला काय सांगायचं, तुझ्या हलगर्जीनं गेलं म्हणून? मग लिहायचं, वायरिंग जुनं."

"म्हणजे मी वायरिंग."

"वायरिंग वस्तरा. तुम्ही मालक."

मामांनी यावर विचार केला. "मग हा नवा आणलात कशाला?"

"मला वाटलं, तुम्ही घेणार नाही. म्हणाल, राहू दे व्याहीबुवा, मी आता बसतो. डबा पुढे केला आणि वाट बघत उभा राहिलो. तुम्ही घेतलात."

"तुम्ही प्रेमानं आणलात, नको कसं म्हणणार?"

"आणि तुम्ही घेतल्यावर मी परत कसा मागणार?"

दोघांनी एकमेकांकडे आरशात बघितलं. ट्यूब चांगली मोठी असल्यामुळे दोघेही स्पष्ट दिसत होते.

"पण एक खरं सांगा," व्याही म्हणाले. आवाजात आता भीड नव्हती, नुसतं कुतूहल होतं. "पोलाद म्हणून. दाढीला तो चांगला होता का?"

कितीतरी दिवसांत कोणी मामांना कामाचं काही विचारलं नव्हतं. त्यांनी वस्तरा परत घेतला, बोटांत तोलला.

"वाईट नाही. धार घेतो, धरून ठेवतो. पण जुनाही धरतो. थर इथे पाठीला दिसतात, धारेला आल्यावर ती आपली एक रेघ. मला तरी वेगळं काही लागलं नाही. हां, हा जड आहे." मग म्हणाले, "असेलही फरक. पण तो कळायला हात लागतो. आधीचा हात असता तर नक्की सांगितलं असतं."

"आणि माझा उजवा गाल?"

"उजवा सगळ्यांचाच चांगला होतो. मी उजवीकडे उभा असतो."

व्याह्यांचा हात हळूच डाव्या गालाकडे गेला. "म्हणजे इतकी वर्षं हा..."

"तोही बरा व्हायचा," मामा म्हणाले.

त्यांनी वाटीत ब्रश फिरवला आणि व्याह्यांच्या तोंडाला साबण लावला. ब्रश दचकला तरी कोणाचं काही जात नाही. थोडा फेस कानाला लागला एवढंच. मग ते बाजूला झाले. भाचा आपलं गिऱ्हाईक अर्धं सोडून आला, पकडीत ब्लेड सरकवलं आणि व्याह्यांच्या उजवीकडे उभा राहिला. मामा बाकावर जाऊन बसले.

त्या बाकावर ते आजवर कधी बसले नव्हते. तिथून दुकान निराळंच दिसत होतं. फळीच्या खालच्या बाजूला जळमटं होती, ती उभ्याने दिसायची नाहीत. आरशात भाच्याची पाठ, व्याह्यांचे मिटलेले डोळे आणि कोपऱ्यातलं टॉवेलचं स्टूल. दारातून एक जण आत डोकावला.

"मामा, किती वेळ लागेल?"

"मला काय विचारता," मामा म्हणाले. "मीही बसलोय."

वरील दाखल्यात त्यामुळे काही दुरुस्त्या करणे क्रमप्राप्त आहे. सदर इसम अद्याप रोज दुकानात येतो, गिऱ्हाइकांना साबण लावतो, दगडावर कात्र्यांची धार बघतो व उरलेला वेळ बाकावर काढतो. करंगळीवरचा घट्टा मऊ पडू लागला आहे. जुना वस्तरा पट्ट्याशेजारी खुंटीला असतो. दमास्कसचा मामीकडे आहे. विटक्या टॉवेलांच्या शिवणी उसवायला ती तो वापरते आणि चांगला आहे म्हणते. नक्षी गेली तरी थर आत शाबूत आहेत, आम्लात बुडवला की परत दिसतील, असे व्याह्यांचे म्हणणे असून त्यावर मामीने अभिप्राय दिलेला नाही. चहा अर्धा कपच मिळतो, मात्र आता दोनदा.

मामांची दाढी भाचा करतो. अर्ध्या ब्लेडने.